मुन्नाची फाईल: शाळा सुटलेल्या प्रौढ दिव्यांग भावंडासाठी नागपुरात काय, कुठं आणि कोणत्या क्रमानं

माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा आहे. घरात मुन्ना, गल्लीत मुन्नाभाऊ. अठरा पूर्ण झाले तेव्हा त्याच्या शाळेनं निरोप समारंभ केला, शाल-नारळ दिला आणि घरी पाठवलं. त्यानंतर सहा वर्षं तो गोपाळनगरच्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून लाल गाड्या मोजत होता. पुढं काय करायचं हे शाळेनं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आई म्हणायची, "घरी आहे ना बाप्पा डोळ्यांसमोर, अजून काय पाहिजे?"

मी शाळेच्या ऑफिसात 32 वर्षं क्लार्क होते. फॉर्म, झेरॉक्स, आवक-जावक हेच माझं आयुष्य. तरी मुन्नाचे कागद लावायला मला दहा वर्षं लागली, कारण क्रम चुकला. तुमचा चुकू नये म्हणून लिहिते आहे.

आधी एक शब्दाचा घोळ. मुन्नाला आहे ती बौद्धिक अक्षमता. जुन्या कागदांवर 'मतिमंद' लिहिलेलं सापडेल. वाचन, लेखन, गणित यांपुरती अडचण असते ती अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आमचा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या पोरानं 'लर्निंग' हा शब्द पाहून खुशाल दुसऱ्या चौकटीवर टिचकी मारली. ते दुरुस्त करण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर शेजारी खुर्ची टाकून बसा आणि 'सबमिट' दाबण्याआधी तो स्क्रीन स्वतः वाचा.

दाखला: कौतुक घरी ठेवून जा

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल तर पुढचं कुठलंच दार उघडत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि मग तपासणीला जायचं. नागपूरकरांसाठी त्याचा अर्थ बहुधा 'मेडिकल' किंवा 'मेयो' ही सरकारी रुग्णालयं. बुद्ध्यांकाच्या चाचणीसाठी आम्हाला मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जावं लागलं. ऑटोवाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "पागलखाना चौक म्हणा ना ताई." मुन्नानं तो शब्द उचलला आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत होता, मी तिथं जाऊन आलो. आईला रडू आलं, मला हसू. तुमच्याही घरी असं काही होईल, तयारी ठेवा.

चाचणीचे दोन भाग असतात. एका भागात मुन्नालाच प्रश्न: नाणी ओळख, चित्रातली चूक सांग, आकडे उलटे म्हण. दुसऱ्या भागात घरच्यांना विचारतात: स्वतः जेवतो का, आंघोळ करतो का, एकटा बाहेर जातो का, पैशाचा व्यवहार करतो का. आमची गाडी इथं घसरली. आई प्रत्येक प्रश्नाला मान ताठ करून सांगू लागली, "सगळं करते माझा मुन्ना." आयुष्यभर नातेवाइकांसमोर तेच सांगत आली होती बिचारी. समोर तपासणारी बाई तिच्या शब्दावर गुण देत होती.

मी मध्ये पडले. हो, आंघोळ करतो. पण बादलीत गरम-गार पाणी कुणीतरी मिसळून द्यावं लागतं आणि 'बस आता' असं बाहेरून ओरडावं लागतं, नाहीतर टाकी रिकामी होईपर्यंत तो तिथंच असतो. हो, दुधाची पिशवी आणतो. पण पाचशेची नोट दिली तर पाचशे देऊन येतो, उरलेले पैसे मागत नाही. रस्ता ओलांडतो, पण फक्त आमच्या गल्लीतला. माटे चौकात एकटा सोडला तर तिथंच उभा राहील. हे तपशील घरून कागदावर लिहून न्या. चांगल्या दिवसाचं चित्र देऊ नका, खोटंही सांगू नका. नेहमीचा मंगळवार कसा जातो ते सांगा. आणि हे सगळं त्याच्यासमोर बोलायचं असतं, त्याला कळतं. चाचणीनंतर मुन्ना दोन तास माझ्याशी बोलला नाही. आता मी तो कागद सरळ त्यांच्या हातात देते.

सौम्य प्रकाराला साधारण 50 टक्के दिव्यांगत्व, मध्यमला 75, तीव्रला 90 आणि अतितीव्रला 100 टक्के असा हिशेब धरतात. यूडीआयडी कार्डाचा रंगही त्यावरून ठरतो: 40च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि त्याच्या वर निळा. मुन्नाचं पिवळं आहे. दाखल्यावर 'कायमस्वरूपी' लिहिलंय की तात्पुरतं, हे काउंटरवरून हलण्याआधी बघा.

या चाचणीसाठी आणि पुढच्या सल्ल्यासाठी आणखी एक जागा लक्षात ठेवा: धंतोलीत यशवंत स्टेडियमला असलेलं केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र. तपासणी, थेरपी, कौशल्य प्रशिक्षण, पालकांना मार्गदर्शन असं बरंच काही तिथं एका छताखाली असतं. आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा मुन्ना पस्तिशीत होता. आणखी आधी पोहोचलो असतो तर, हा विचार मी आता करत नाही.

अठरानंतर तुम्ही कायद्यानं त्याचे कुणी नसता

हे वाक्य मला पहिल्यांदा एका बँकेत ऐकायला मिळालं. मुन्नाचं खातं उघडायला गेलो होतो. साहेब म्हणाले, "सज्ञान आहे, सही त्याची लागेल, आणि त्याला समजत नसेल तर कोर्टाचा कागद आणा." आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व मूल 18चं झालं की संपतं, मग मुलाला समजो न समजो. वडिलांना हे पटता पटेना. "मी त्याचा बाप आहे, हे सिद्ध करायला कागद?"

हो, कागदच. नॅशनल ट्रस्टचा 1999चा कायदा आहे; स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी. त्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे, कोर्टात जावं लागत नाही. अर्ज आई-वडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. नागपुरात त्यासाठी सिव्हिल लाईन्सचं जिल्हाधिकारी कार्यालय.

आमच्याकडून मागितलं ते हे: अर्जाचा नमुना, मुन्नाचा दाखला, त्याचे आणि होणाऱ्या पालकाचे फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, आई-वडिलांची लेखी संमती. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स न्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्या शिक्क्याशिवाय तुम्ही अर्ज केलाच नव्हता असं समजायचं. 32 वर्षं मीच तो शिक्का मारत होते, मला माहीत आहे.

कायदा म्हणतो की समितीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी. म्हणून अर्ज देतानाच पुढची बैठक कधी, हे विचारून घ्या. आणि डिसेंबरात या कामाला निघू नका. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाईन्सचे रस्ते बॅरिकेडनं बंद, मोर्चे, आणि ज्या साहेबांना भेटायचं ते विधानभवनात. आम्ही एकदा गेलो, आकाशवाणी चौकातून परत आलो, मुन्नाला तर्री पोहे खाऊ घातले आणि दिवस संपवला.

समितीसमोर मुन्नालाही बोलावलं. त्याला विचारलं, "तुला कुणाजवळ राहायचं?" तो म्हणाला, "ताईकडं. पण दादाकडं टीव्ही मोठा आहे." सगळे हसले, पण त्याला विचारलं गेलं, हे मला आवडलं. घरी आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

पालकत्व मिळालं की जबाबदारीही येते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. मी एक साधी वही केली आहे, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च.

मग तो कागद घेऊन मी त्याच बँकेत गेले. समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं, असं रिझर्व्ह बँकेनं 2007 सालीच कळवलेलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत सोबत न्या. वाद घालू नका, नुसती टेबलावर ठेवा.

माझा एकच हट्ट आहे: आई-वडील सही करू शकतात तोवर हे करा. वडिलांची संमती मी त्यांच्या पहिल्या झटक्यानंतर, थरथरत्या हातानं घेतली. तो कागद बघवत नाही.

सकाळी दहाला कुठं जायचं

कागद होईपर्यंत या कामाला थांबू नका. खरं तर हे पहिलं काम, फक्त आम्हाला ते शेवटी सुचलं. गॅलरीत बसलेल्या सहा वर्षांत मुन्नाचं वजन वीस किलो वाढलं आणि शाळेत शिकलेलं बटण लावणंसुद्धा तो विसरला.

शाळेनंतरच्या जागेला आपल्याकडे 'कर्मशाळा' म्हणतात. फोनवर 'अठरा वर्षांवरच्यांसाठी काही आहे का?' असं गोल विचारलं तर 'नाही' असं उत्तर येतं. 'कर्मशाळा आहे का, दिवसाचं केंद्र आहे का, वयाची अट काय?' असं विचारा. नागपुरात या कामाची परंपरा जुनी आहे. कमलाताई होस्पेटांनी 1921मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचं 'नंदनवन' बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच आहे. चौकशीची सुरुवात तिथून केली तरी चालेल. श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात मान्यताप्राप्त संस्थांची विचारणा करा. नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर जिल्हावार नोंदणीकृत संस्थांची यादी मिळते. यादीतल्या काही जागी कुलूप असतं, हेही सांगून ठेवते. आधी फोन, मग ऑटो.

जागा बघायला गेलात की रंगवलेल्या भिंती आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या पणत्या बघू नका. मी या गोष्टी बघते. संडास कुठं आहे, आतून कडी लागते का, मदत लागली तर कोण करतं. जेवणाच्या वेळी जा आणि बघा: शिक्षक त्यांच्यासोबत जेवतात की वेगळे. चाळिशीच्या माणसाला 'ए बाळ' म्हणतात की नावानं हाक मारतात. कुणी चिडलं, ओरडलं, मारायला धावलं तर काय करता, हे सरळ विचारा; 'आमच्याकडे असं होतच नाही' हे उत्तर आलं तर मी नमस्कार करून निघते. तयार केलेला माल विकला जातो का आणि त्याचा मोबदला मुलांना मिळतो का, हे विचारायला लाजू नका. मुन्नाला महिन्याला किरकोळ पैसे मिळतात. तो ते पाकीट आईच्या हातात देतो, आणि त्या दिवशी घरात तोच कमावता असतो.

पहिल्या जागी मुन्ना तिसऱ्या दिवशी जायला तयार होईना. पोटात दुखतं म्हणाला. आम्ही समजलो नाटक. पुढं कळलं, तिथं दिवसभर एकाच खोलीत बसवून मणी ओवायला लावत होते आणि त्याच्या जाड बोटांना ते जमत नव्हतं. दुसऱ्या जागी कागदी पिशव्या आणि बागकाम आहे. तिथं रविवारी सुट्टी का असते, म्हणून तो भांडतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी चार दिवस तात्पुरतं पाठवून बघा आणि पोटात दुखलं तर पोटाचंच औषध शोधू नका.

रोज कोण सोडणार, हा प्रश्न आमच्याकडे मेट्रोनं सोडवला. सुभाषनगर स्टेशनपासून सीताबर्डीपर्यंत मी त्याच्यासोबत दोन महिने गेले. आधी शेजारी बसून, मग समोरच्या सीटवर, मग दुसऱ्या डब्यातून, शेवटी फलाटावर थांबून. त्याच्या गळ्यात कार्ड आहे, त्यावर माझा नंबर. स्टेशनांची नावं तो वाचत नाही, पण घोषणा पाठ आहेत. घरी जेवताना मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही ऐकवतो. एकदा झोप लागली आणि थेट प्रजापतीनगरला पोहोचला. तिथल्या गार्डनं कार्ड बघून फोन केला. त्या दिवशी आई म्हणाली, आता बंद कर हे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला.

संस्थेत जागा नसेल, परवडत नसेल, तर गल्लीतच शोधा. आमच्या ओळखीचा एक मुलगा पिठाच्या गिरणीवर डबे लावतो, दुपारी दोन तास. कुणाचा डबा कुठला, यात तो कधी चुकत नाही.

राहण्याच्या सोयीबद्दल थोडं. नॅशनल ट्रस्टच्या 'समर्थ-घरौंदा' योजनेत काही संस्था अल्पकाळ किंवा कायमची राहण्याची व्यवस्था चालवतात. घरातलं कुणी दवाखान्यात भरती झालं तर कामी येते, पण त्या वेळी शोधू नका. आधीच एक-दोन रात्रींची सवय करून ठेवा. जागा फार थोड्या आहेत, हे कटू सत्य. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024मध्ये पद्मश्री मिळाली, ते कितीतरी वर्षं हेच म्हणताहेत: अनाथ दिव्यांग मुलांना अठरानंतर बालगृहातून बाहेर काढलं तर ती जाणार कुठं? आमच्या मुलांना घर आहे, एवढाच फरक.

पैसे

वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर त्यांच्यानंतर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं आणि दोघं गेल्यावर धावपळ होते. निवृत्तिवेतनधारक हयात असतानाच मुलाचं नाव, दाखला आणि पालकाचं नाव त्यांच्या खात्यामार्फत नोंदवून घ्या. विदर्भातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन नागपूरच्या महालेखाकार कार्यालयातून मंजूर होते. प्रस्ताव तिथंवर पोहोचला का, याचा पाठपुरावा स्वतः करा. वडिलांचा पहिला अर्ज एका टेबलावरून गहाळ झाला. दुसऱ्यांदा मी पोचपावती घेतली.

पेन्शनीचा आधार नसलेल्या घरांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये. रक्कम महिन्याला 1,500 होती, ऑक्टोबर 2025पासून दिव्यांगांना 2,500 केली. अर्ज तहसील किंवा सेतू केंद्रातून. आम्ही उत्पन्नात बसत नाही. पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीसाठी मी अर्ज भरला. अडला कुठं, तर आधार एका खात्याला जोडलेलं आणि पासबुक दुसऱ्याच खात्याचं. तेवढं आधी तपासा आणि दरवर्षीची हयातीची पडताळणी चुकवू नका.

निरामय आरोग्य विमा जरूर घ्या: नॅशनल ट्रस्टची योजना, वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि थेरपीचा खर्चही धरतात. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावून परत मागायचे. प्रत्येक प्रकाराला आतली मर्यादा असते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

आयकर भरणाऱ्यांनी जुनी करप्रणाली घेतली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी 75,000 रुपयांची वजावट आहे, 80 टक्के आणि त्याच्या वर असेल तर 1,25,000. एसटीत दिव्यांगाला 75 टक्के सवलत आणि 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला दोघांनाही 75 टक्के, सेकंड एसीला निम्मं. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र लागतं. ते काढून ठेवलं म्हणून आम्ही शेगावला जाऊ शकलो.

घर कुणाच्या नावावर करायचं, मृत्युपत्र कसं करायचं, हे वकिलालाच विचारा. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला तिथं मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. फोन 15100. कुणी त्याला मारत असेल, पैसे काढून घेत असेल, वाईट हेतूनं जवळ येत असेल, तर 112. 2016च्या कायद्यात कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायचीही सोय आहे. आणि तुमचं स्वतःचं डोकं दुखायला लागलं, रात्री झोप येईना, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर. मी दोनदा लावला आहे. मुन्नासाठी नाही, माझ्यासाठी.

फाईलचं पहिलं पान

दाखला, यूडीआयडी, पालकत्वाचं प्रमाणपत्र, पासबुक, विमा, पेन्शनचे कागद: हे सगळं एका निळ्या फाईलमध्ये आहे, आणि फाईल कुठं आहे हे घरातल्या चौघांना माहीत आहे. पण सगळ्यात वर एक पान आहे, त्यावर सरकारी शिक्का नाही. मी एकाएकी दवाखान्यात पडले तर जो कुणी येईल त्याच्यासाठी ते लिहिलं आहे. असं एक पान तुम्हीही लिहा, आणि त्याला विचारून लिहा. आमचं असं आहे:

नाव मुन्ना. मोठ्या माणसासारखं बोला. फिटची गोळी रात्री जेवणानंतर एक, पाण्यासोबत. चावून खातो, म्हणून समोर उभं राहा. दाढी मंगळवारी आणि शनिवारी, ब्लेड हातात देऊ नका. आंघोळीला दोन बादल्या, मग 'बस आता' म्हणा. वांगं खात नाही, आग्रह करू नका. फटाके किंवा डीजे वाजला की कान झाकून खाली बसतो. ओढू नका, शेजारी बसा. रागावला तर दार उघडं ठेवा, तो गॅलरीत जाईल. लाल गाड्या किती झाल्या, ते दहा मिनिटांनी विचारा. चहा बशीतून पितो. बशी निळ्या काठाची.